कारखान्याचा रंग

चुडामण मिस्तरी धुळ्याहून जळगावच्या एसटीत बसले तेव्हा त्यांच्या पिशवीत भाकरीचा डबा, शुगरच्या गोळ्या आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले लोखंडाचे पाच तुकडे होते. वेगवेगळ्या काळात मोडीत निघालेल्या रिव्हॉल्व्हरांच्या कडेची ती झाकणं. गोळीचं राहू द्या, त्यांनी सुपारीसुद्धा फुटली नसती. पण कुठल्या सालातल्या कारखान्याचा रंग कसा असतो हे त्या पाच तुकड्यांवर जसं लिहिलेलं होतं तसं मिस्तरींनी दुसरीकडे कुठे पाहिलं नव्हतं. शाळा त्यांची सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण या फडक्यात.

चार दिवसांपूर्वी जळगावच्या जीवरामशेठचा फोन आला होता. जीवरामशेठचं बंदुकांचं दुकान. एक जुनं विलायती रिव्हॉल्व्हर आहे, शेठ म्हणाले, त्याचा रंग कारखान्याचाच आहे की मागाहून कुणी चढवलाय, एवढं पाहून लिहून द्यायचं. खानदेशात हे सांगणारा आता तुमच्याशिवाय कोण उरलाय? मिस्तरींनी विचारलं, कुणाचं? तर फैजपूरच्या रुपचंदभाऊंचं. त्या दुपारची गोळी घ्यायला मिस्तरी विसरले.

रुपचंदभाऊंना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा ललित जळगावला कॉलेजात शिकवतो, दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरात दोन लहान मुलं. त्याला परवाना नको होता आणि यात त्याला कुणी बोल लावू नये. रिव्हॉल्व्हर तेव्हापासून जीवरामशेठच्या तिजोरीत जमा होतं. आता मुदत संपली होती. वारस घेत नसेल तर हत्यार सरकारजमा होणार आणि पुढे भट्टीत जाणार. वाट एकच होती. पुण्याकडच्या एका खासगी संस्थेच्या शस्त्रसंग्रहालयाला त्या काळातलं एक रिव्हॉल्व्हर हवं होतं, त्यांची परवानगीही आली होती. फक्त त्यांची अट होती: रंग मूळचा पाहिजे. त्यांनी काळाच्या क्रमानं एक रांग लावायला घेतली होती, आणि त्या रांगेत कारखान्यातून निघालं तसंच हत्यार बसणार होतं.

आणि रंग मूळचा नव्हता. हे मिस्तरींना पाहण्याआधीच माहीत होतं, कारण तो त्यांनीच चढवला होता.

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. दसरा होऊन दोन दिवस झाले होते. रुपचंदभाऊ, तेव्हा पंचविशीतले, फटफटीवरून धुळ्याला आले आणि चेहरा असा की मिस्तरींना वाटलं घरात कुणी गेलं. फडकं सोडलं तर आत रिव्हॉल्व्हर पांढरं फटक, लग्नातल्या ताटवाटीसारखं लखलखीत. आजोबा पोलीस पाटील होते, पहिल्या मोठ्या लढाईनंतर फौजेनं विकायला काढलेल्या मालातून त्यांनी ते घेतलेलं. घरातलं माणूसच ते, नाव घेऊन बोलवत नसत इतकंच.

झालं असं की रुपचंदभाऊंचं लग्न त्याच वैशाखात झालं होतं. खंडेनवमीच्या पूजेसाठी सासूनं नव्या सुनेपुढे विळे, कोयते, कुऱ्हाड, एक गंजकी तलवार आणि रिकामं रिव्हॉल्व्हर असं सगळं एका घमेल्यात आणून ठेवलं, म्हणाली, घास. सून सासरी नवी, माहेरी बंदूक पाहिलेली नाही. तिला वाटलं काळं पडलंय. तिनं मूठभर चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि दोन तास घासलं. सत्तर वर्षांचा निळाकाळा रंग मोरीतून वाहून गेला. आणि सासू, जिला पाच महिन्यांत सुनेच्या एकाही भाजीत मीठ बरोबर पडलेलं सापडलं नव्हतं, तिनं गल्लीतल्या बाया बोलावून दाखवलं, बघा माझ्या सुनेचा हात.

रुपचंदभाऊ मिस्तरींना म्हणाले होते, "बाबा सुरतेला गेलेत, दिवाळीला येतील. तोवर होतं तसं करा. आणि मिस्तरी, पुष्पाला कधी कळायला नको. आई तिच्याशी पहिल्यांदाच गोड बोललीय."

सत्तावीस वर्षांच्या मिस्तरींना तोवर मालाला काळा लावून द्यायचा एवढंच ठाऊक. त्या पंधरा दिवसांत ते कारागीर झाले. पातळसा गंज धरू द्यायचा, उकळत्या पाण्यात सोडायचं, मऊ तारेनं झाडायचं, पुन्हा गंज. असं अकरा वेळा. चिंचेनं आणि राखेनं अक्षरांच्या कडा गोल झाल्या होत्या, त्या भिंगाखाली एकेक करून पुन्हा कोरल्या. वसुबारसेच्या सकाळी ते सावलीत धरलं तेव्हा पिकल्या जांभळासारखं दिसत होतं.

एकच चूक राहिली. फौज आपला माल विकताना त्यावर दोन बारीक बाण टोकाला टोक लावून ठोकायची. हत्यार वर्षानुवर्षं वापरून झाल्यावरचं हे काम, म्हणजे रंग आधीचा, बाण नंतरचे. त्यामुळे बाणांच्या पोटात रंग नसतो, उघडं लोखंड असतं, काळानं तपकिरी झालेलं. पुसट झालेले बाण मिस्तरींनी आधी कोरले आणि मग रंग चढवला. बाणांच्या पोटातसुद्धा निळं उतरलं. लक्षात आलं तेव्हा रुपचंदभाऊ दुकानाच्या दारात उभे होते, पाहून डोळे पुसत होते. मिस्तरींनी ते तसंच फडक्यात गुंडाळून दिलं. कोण बघणार होतं?

चाळीस वर्षं कुणी पाहिलं नाही. घरी रुपचंदभाऊंनी बायकोला सांगितलं की हे तेल प्यायलं की पुन्हा काळं होतं, त्याची जातच तशी. आता घासायचं नाही, नुसतं तेलाचं बोट. तिला पटलं. नवऱ्यानं सांगितलेलं न पटण्याइतकं तिचं काही बिघडलं नव्हतं.

पारोळ्यापर्यंत मिस्तरींचं खरं लिहायचं ठरलं होतं. आयुष्यात खोटा दाखला दिला नाही, आता सदुसष्टाव्या वर्षी कशाला? एरंडोल गेलं आणि ते ठरवणं पातळ झालं. जळगावच्या स्टँडवर उतरले तेव्हा खोटं लिहायचं पक्कं होतं, आणि त्यांना बरंसुद्धा वाटत होतं.

दुकानात पुष्पाबाई आधीच येऊन बसल्या होत्या. शेजारी ललित, सारखा घड्याळ बघणारा. पुष्पाबाईंनी मिस्तरींना पाहून पदर सावरला आणि जागा करून दिली. मिस्तरी त्यांना याआधी तीनचारदाच भेटले होते, लग्नाकार्यात. साठीच्या झाल्या होत्या, अंगानं वाळल्या होत्या. फैजपूरचं घर बंद करून त्या मुलाकडे आल्याला वर्ष झालं होतं. रुपचंदभाऊंचे कपडे वाटले गेले, खाट भाच्यानं नेली, चष्मा नातवानं मोडला. त्यांच्या हातची ही एवढीच वस्तू उरली होती, आणि संग्रहालयानं कबूल केलं होतं की काचेखाली नावाची पट्टी लावू: कै. रुपचंद, फैजपूर, यांच्या घराण्याकडून.

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, तुमी नीट पाहा. एक डाव त्याहीले जाळून आलो आमी. आता हे बी भट्टीत टाकतीन म्हंतात. एका मानसाले दोनदा कसं जाळाव?"

मिस्तरी म्हणाले, "काळजी नका करू, अक्का. मी आहे ना."

हे बोलायला नको होतं, असं त्यांना लगेच वाटलं.

संग्रहालयाची बाई आली, दिपमाला नावाची, तिशीतली, हातात पांढरे मोजे आणि डोक्यावर चष्म्यासारखं बांधलेलं भिंग. मिस्तरींना वाटलं होतं कागदावरची विद्या असेल. पण तिनं पहिलंच वाक्य असं काढलं की काका, हे ट्यूबलाइटखाली नको, दाराशी सावलीत बघू या, दिव्याखाली निळं मरतं. मिस्तरींना आनंद झाला आणि हिच्यासमोर खोटं कसं टिकणार, असंही वाटलं.

दाराशी स्टूल ठेवून त्यावर वर्तमानपत्र अंथरलं. मिस्तरींनी आपले पाच तुकडे ओळीनं मांडले. दिपमालानं विचारलं आणि ते सांगत गेले, अगदी रंगात येऊन. हा पहिला, पहिल्या लढाईच्या आधीचा. रंग चढवण्याआधी माणसं आठ आठ दिवस नुसतं लोखंड घासत बसायची, म्हणून बघा, रंग वर बसलेला नाही, आतून आलाय. हा दुसरा दोन लढायांच्या मधला, तोच हात पण थोडा थकलेला. हा बेचाळीस सालचा. हे म्हणजे वरात वेशीत आल्यावर सारवलेलं अंगण, कानशीचे ओरखडे तसेच ठेवून वर राखाडी फासलेलं. लढाईत कुणाला वेळ होता? हा साठ सालानंतरचा, गरम क्षारांच्या टाकीत बुडवून काढलेला. काळा, एकसारखा, रेडिमेड शर्टासारखा, सगळ्यांना तोच. आणि हा अलीकडचा. याला रंग म्हणू नका, हे रंगकाम आहे.

दिपमाला हसली. तिनं शेठकडून रिव्हॉल्व्हर घेतलं, रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं आणि ते पहिल्या दोन तुकड्यांच्या मध्ये धरलं.  बाहेर केळीचा ट्रक मागे घेत होते, त्याची शिट्टी वाजत राहिली. ती अक्षरांच्या कडा बघत होती, स्क्रूंच्या खाचा बघत होती, जिथे घासणाऱ्याचा हात फसतो त्या सगळ्या जागा बघत होती. मिस्तरी तिच्या बोटांकडे बघत होते. बोटं बाणांवरून गेली, थांबली, तिनं फोटो काढला आणि बोटं पुढे गेली.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "शंभर वर्षांचं होऊन इतकं कमी झिजलेलं मी पाहिलं नाही. माझ्या मते कारखान्याचाच रंग. तुमचं काय, काका?"

चाळीस वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा त्यांचं ते काम भिंगाखाली धरलं होतं आणि सुंदर म्हटलं होतं. आणि ते त्यांचं आहे हे सांगायची सोय नव्हती. मिस्तरी म्हणाले, "कारखान्याचाच."

पुष्पाबाईंनी डोळे मिटून घेतले. ललितनं सुटकेचा श्वास टाकला, त्याला बाराचं लेक्चर होतं.

दिपमालानं छापील कागद काढला. वरचे रकाने पटापट भरले. मिस्तरींना सही कुठे करायची ते बोटानं दाखवलं. मिस्तरींनी पेनाचं टोपण काढलं आणि चष्मा शोधू लागले. तेवढ्यात तिला खाली एक रकाना रिकामा दिसला, देखभालीचा. घरात ते कसं राखलं जायचं, एवढं दोन ओळींत. ती पुष्पाबाईंकडे वळली, म्हणाली, काकू, हे तुम्हीच सांगा, इतकं छान कसं ठेवलंत?

दोन वर्षांत पुष्पाबाईंना कुणी काही विचारलं नव्हतं. औषध घेतलं का, एवढं सोडून. त्यांचा चेहरा असा उजळला की मिस्तरींना आधी त्या उजळण्याचंच बरं वाटलं आणि मग एकदम कळलं की आता काय येणार. ते म्हणाले, तेलच लावायचे, दुसरं काय. लिहा तेल. पण पुष्पाबाईंनी त्यांना हातानं थांबवलं. तेल मागाहून आलं, त्या म्हणाल्या. आधी माझं ऐक बाई.

आणि त्यांनी सगळं सांगितलं. खंडेनवमी, घमेलं, गंजकी तलवार. सासू कशी कडक होती, गल्लीतल्या बाया कशा जमल्या. खोटेपणा कशात नव्हता, उलट मोठेपणासुद्धा थोडा कमीच करून सांगितला.

"चिचीनं अन् राखीनं, मी एकलीनं घासलं. आरशावानी दिसे. सासूबाई म्हने, सुनेचा हात चांगला शे. मंग दिवाळीले तेल पेलं अन् पुन्हा काळं झालं. त्याहीनं मंग मले घासू नाही देलं. म्हनत, तुह्ये हात दुखतीन."

दिपमालाचं पेन 'चिंच' या शब्दाशी थांबलं होतं. तिनं मान वर केली नाही. भिंग पुन्हा डोळ्यांवर ओढलं, रिव्हॉल्व्हर उचललं आणि दाराशी गेली. आता तिला कुठे बघायचं ते माहीत होतं.

"काका, हे बाण विकताना मारतात ना? रंगाच्या नंतर?"

"हो."

"मग यांच्या आत रंग कसा?"

मिस्तरींनी पेनाला टोपण लावलं. जीवरामशेठ तिजोरीच्या किल्ल्या चाळत राहिले. पुष्पाबाई एकाकडून दुसऱ्याकडे बघत होत्या, हसू अजून तोंडावर होतं पण त्याला आता धरून ठेवावं लागत होतं. त्यांनी विचारलं, माझं काही चुकलं का? मी काही भलतं बोलली?

दिपमाला चांगली होती, म्हणूनच ती खरं सांगायला निघाली. ती पुष्पाबाईंसमोर स्टुलावर बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "काकू, असं असतं की चिंचेनं..."

"चिंचेनं काही होत नाही," मिस्तरी म्हणाले. आवाज त्यांना वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "त्या हत्याराचा रंग मी घालवला, अक्का. रुपचंदभाऊंनी नुसतं तेलपाण्याला आणलं होतं. मी तेव्हा पोरगा होतो, नवी विद्या शिकलो होतो, हात शिवशिवत होते. सगळा जुना रंग काढला आणि माझा चढवला. आता ते कारखान्याचं राहिलेलं नाही. म्हणून हे लोक घेणार नाहीत."

दिपमालानं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तिच्याकडे एवढंच पाहिलं की बाई, गप्प राहा. ती गप्प राहिली.

पुष्पाबाईंना ते आत उतरायला वेळ लागला. त्यांनी दिपमालाच्या हातातून आपला हात काढून घेतला.

"त्याहीले माहीत व्हतं?"

इथे मिस्तरींना 'हो' म्हणता आलं असतं. पण मग दुसरा प्रश्न आला असता, की त्यांनी मला का नाही सांगितलं, आणि त्या प्रश्नाच्या शेवटाला ते घमेलंच होतं.

"नाही. मी त्यांना कळूच दिलं नाही."

"दर दिवाळीले तुमच्याकडं केळीचा घड धाडत ते," पुष्पाबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "पाऊस असो, रस्ता बंद असो. चाळीस वरीस. मी इचारे, त्या मिस्तरीले कायले एवढं? तर म्हनत, लई मोठं काम केलं त्या मानसानं. अन् तुमी खाल्ला तो?"

"खाल्ला, अक्का."

"चव लागे?"

 ललित उठून उभा राहिला, म्हणाला, चल आई. त्याला काय झालं ते अर्धंच कळलं होतं, पण कुणावर रागवायचं ते कळलं होतं. मिस्तरींकडे न बघता त्यानं शेठला विचारलं, मग आता कसं? शेठ म्हणाले, मंगळवारी गाडी येते. आणखी सहासात घरांची हत्यारं आहेत, त्यांच्यासोबत जाईल.

पुष्पाबाई स्टुलाजवळ गेल्या. रिव्हॉल्व्हरला हात लावू का असं त्यांनी दिपमालाला विचारलं, आणि ती हो म्हणायच्या आत पदराच्या टोकानं नळी पुसली, पुढून मागे, एकदाच, नवऱ्यानं शिकवलं असेल तशी. मग त्या मुलाचा दंड धरून दोन पायऱ्या उतरल्या. मिस्तरींसाठी मागवलेला चहा तसाच होता, त्यावर साय धरली होती.

ते दोघं गेल्यावर दिपमालानं कागद चुरगाळून पर्समध्ये टाकला आणि दुसरा काढला. ती म्हणाली की तिच्या हातात असतं तर तिनं हे तसंच घेतलं असतं, पण समिती आहे, फोटो जातात, कुणीतरी बाण बघणारच. मिस्तरी म्हणाले, बरोबर आहे तुमचं.

"किती दिवस लागले होते?" तिनं विचारलं.

"पंधरा."

"मला ओळखू आलं नाही, काका. खरंच नाही आलं."

मिस्तरींनी मान हलवली. त्यांना वाटलं हे तिनं अर्ध्या तासापूर्वी म्हटलं असतं, किंवा चाळीस वर्षांपूर्वी कुणीही म्हटलं असतं, तर आपण काय केलं असतं कुणास ठाऊक. आता ते शब्द कुठे ठेवायचे हेच कळेना. मंगळवारनंतर तर ज्याच्याबद्दल म्हटलं तेही राहणार नव्हतं.

नव्या कागदावर एक ओळ होती, रंग मूळ नसल्यास काम कोणी केले. मिस्तरींनी तिथे आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली धुळे. कारणाच्या रकान्यापाशी ते थांबले. दिपमाला वाट बघत होती.

"इथं लिहा, माझी हौस," ते म्हणाले.

तिनं तसं लिहिलं.